कोरड्या उन्हाळ्यात घरगुती हिरवळीचे जतन : नांदुरा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

बुलडाणा जिल्ह्यातील नांदुरा हे तालुक्याचे गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर मलकापूर व शेगाव यांच्या दरम्यान ज्ञानगंगा नदीच्या काठी वसले आहे. ज्ञानगंगा पुढे पूर्णेस व पूर्णा तापीस मिळते. काळी कसदार जमीन, सरासरी सुमारे ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यानंतर आठ महिन्यांचा जवळजवळ कोरडा काळ, हे या परिसराचे ठळक वैशिष्ट्य होय. एप्रिल व मे महिन्यांत येथील कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाणे ही नित्याची बाब आहे.

अशा प्रदेशात घरापुढे हिरवळ राखावी ही इच्छा नव्या वसाहतींतून वाढीस लागली आहे. नोकरदार, शिक्षक व प्राध्यापक वर्गाच्या घरांपुढे, तसेच शाळा-महाविद्यालयांच्या प्रांगणांत लॉन लावले जाते. पावसाळ्यात व हिवाळ्यात ते डोळ्यांना सुखावते. मार्च उजाडताच मात्र पाण्याचा प्रश्न उभा राहतो. ही हिरवळ जगवावी कशी, आणि मुळात ‘जगविणे’ म्हणजे काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हिरवळ जगविणे व ती हिरवी ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच पाणी, पैसा आणि पुष्कळदा हिरवळही वाया जाते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

हिरवळीची कल्पना आणि वऱ्हाडचे अंगण

बारीक कापलेल्या, सतत हिरव्या गवताच्या गालिचाची कल्पना थंड व बारमाही पावसाच्या प्रदेशात जन्मली. इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले आणि त्यानंतर ही आवड सामान्य घरांपर्यंत पोहोचली. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. बंगला, त्याभोवतीचे आवार आणि आवारातील हिरवळ ही इंग्रज अधिकाऱ्यांची राहणी या प्रदेशास परिचित झाली ती त्यानंतर.

त्यापूर्वीचे वऱ्हाडी अंगण निराळे होते. ते शेणाने सारवलेले असे. मध्ये तुळशीवृंदावन, कडेला कडुनिंब आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारी केळ किंवा अळू, एवढाच त्याचा विस्तार. सकाळचा सडा हेच त्याला लागणारे पाणी. गवताचे स्थान अंगणात नव्हते, ते शेताच्या बांधावर होते. तेथे वाढणारी हरळी, म्हणजेच गणपतीस वाहिली जाणारी दूर्वा, शेतकऱ्याच्या लेखी मात्र एक चिवट तण होते व आजही आहे. उन्हाळी नांगरटीमागील एक प्रयोजन हरळीची व कुंद्याची मुळे वर आणून उन्हात वाळविणे हेच असते.

ज्या गवतास मारण्यासाठी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या झटत आला, तेच गवत शहरी अंगणात जगत नाही अशी तक्रार ऐकू येते. या विसंगतीतच प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

पाण्याचा हिशेब

हिरवळीस किती पाणी लागते याचा अंदाज गणिताने बांधता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर पाणी होय. अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या सिंचनविषयक मार्गदर्शिकेनुसार उष्ण हवामानातील हिरवळीचा पीक गुणांक ०.८० ते ०.८५ आहे. मार्च ते मे या काळातील संदर्भ बाष्पोत्सर्जन सरासरी दररोज ८ मिलिमीटर धरले, तर हिरवळीची गरज दररोज सुमारे ६.४ मिलिमीटर येते.

१०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट हिरवळीसाठी ही गरज दररोज ६४० लिटर होते. मार्च, एप्रिल व मे या ९२ दिवसांत ती ५८,८८० लिटरवर जाते. पाच हजार लिटरचे सुमारे बारा टँकर एवढे हे पाणी आहे. नळीने पाणी देताना होणारा अपव्यय यात धरलेला नाही.

आता माणसांची गरज पाहू जाता, केंद्र शासनाच्या १९९९ च्या नागरी पाणीपुरवठा मानकांनुसार भूमिगत गटार व्यवस्था असलेल्या नगरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर आणि ती नसलेल्या नगरांसाठी ७० लिटर पाणी गृहीत धरले जात असे. दुसऱ्या मानकाप्रमाणे पाच जणांच्या कुटुंबास दररोज ३५० लिटर पाणी मिळावयास हवे. म्हणजे मध्यम आकाराची एक हिरवळ संपूर्ण उन्हाळा हिरवी ठेवावयाची झाल्यास तिला कुटुंबाच्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट पाणी द्यावे लागेल. नळाचे पाणी रोज येत नाही अशा गावात हे पाणी बहुधा कूपनलिकेतूनच उपसले जाते, आणि तेथून दुसरा, अधिक गंभीर प्रश्न सुरू होतो.

पाण्याबरोबर येणारे क्षार

अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंस पसरलेला पट्टा ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो. नांदुरा तालुक्याचा पूर्णेकाठचा भाग त्यात मोडतो. येथील भूजलात क्षारांचे, विशेषतः सोडियमचे प्रमाण अधिक असते. जमीन चिकणमातीची व खोल असून तिच्यातून पाण्याचा निचरा फार सावकाश होतो. अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या संशोधनात या पट्ट्यातील जमिनीचा प्रश्न प्रारंभापासून महत्त्वाचा राहिला आहे.

सिंचनाच्या पाण्याची क्षारता विद्युत वाहकतेवरून मोजतात. अमेरिकन क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये केलेल्या वर्गीकरणात ०.७५ ते २.२५ डेसिसायमन प्रति मीटर वाहकतेचे पाणी अधिक क्षारतेचे आणि त्यापुढील पाणी अत्यधिक क्षारतेचे मानले आहे. वाहकतेच्या आकड्यास ६४० ने गुणले असता एका लिटरमधील क्षारांचे अंदाजे वजन मिलिग्रॅममध्ये मिळते. कूपनलिकेच्या पाण्याची वाहकता २ असेल, तर त्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे १.२८ ग्रॅम क्षार असतात.

या आकड्याची वरील हिशेबाशी सांगड घातली असता काय दिसते? ५८,८८० लिटर पाण्याबरोबर एका उन्हाळ्यात सुमारे ७५ किलो क्षार १०० चौरस मीटर जागेत येऊन पडतात. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे उरतात. निचऱ्याच्या जमिनीत ते पाण्याबरोबर खाली वाहून गेले असते. येथील चिकणमातीत ते मुळांच्या थरातच साचतात. सोडियममुळे मातीचे कण विलग होतात, सूक्ष्म छिद्रे बुजतात, पृष्ठभागावर कडक पापुद्रा धरतो आणि पाणी मुरेनासे होते. मुळांना हवा मिळत नाही, गवत पिवळे पडते. घरमालकास वाटते, पाणी कमी पडले. तो आणखी पाणी देतो. अशा रीतीने हिरवळ वाचविण्यासाठी केलेला उपायच तिच्या नाशास कारणीभूत ठरतो.

म्हणून या परिसरात हिरवळ लावण्यापूर्वी माती व पाणी या दोहोंची तपासणी कृषी विद्यापीठाच्या अथवा कृषी विभागाच्या प्रयोगशाळेतून करून घेणे आवश्यक आहे. मातीत सोडियमचे प्रमाण अधिक आढळल्यास जिप्समचा वापर सुचविला जातो. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली जातो. मात्र त्याची मात्रा तपासणीवरूनच ठरवावी, आणि तो पावसाळ्याच्या तोंडावर द्यावा. कोरड्या जमिनीवर नुसता पसरून त्याचा उपयोग होत नाही.

हरळीची सुप्तावस्था

हरळीचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन असे आहे. कडक उन्हात कार्यक्षम राहणारे सी-४ प्रकारचे प्रकाशसंश्लेषण हे तिचे पहिले बळ. दुसरे बळ तिच्या खोडात आहे. तिचे एक खोड जमिनीवर पसरते व प्रत्येक पेराशी मुळे धरते. दुसरे जमिनीखाली वाढते व अन्नसाठा राखून ठेवते. क्षार सहन करण्याची तिची शक्तीही मोठी आहे. जमिनीच्या संपृक्त अर्काची वाहकता ६.९ डेसिसायमन प्रति मीटर होईपर्यंत तिच्या वाढीत लक्षणीय घट होत नाही. तथापि क्षार सोसणे वेगळे आणि सोडियममुळे घट्ट झालेल्या, हवा नसलेल्या मातीत वाढणे वेगळे, हे विसरता कामा नये.

पाणी तुटले की हरळी पानांचा त्याग करते. वरचा भाग वाळून तपकिरी होतो. पेरे व भूमिगत खोड मात्र जिवंत राहतात. ही सुप्तावस्था होय. बांधावरची हरळी मे महिन्यात पूर्ण वाळलेली दिसते आणि मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींनंतर आठवडाभरात हिरवी होते, हा प्रत्येक शेतकऱ्याच्या पाहण्यातील अनुभव आहे. तपकिरी रंग हे मृत्यूचे लक्षण मानून घाबरून जाण्याचे त्यामुळे कारण नाही.

रोपवाटिकांतून मिळणारे ‘सिलेक्शन नंबर १’ हे हरळीच्याच कुळातील निवडक गवत असून या हवामानास ते मानवते. रुंद पानांचे कार्पेट गवत ओलाव्यावर व सावलीवर वाढणारे असल्याने नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात ते टिकविणे फार खर्चाचे ठरते. याउलट हरळीस दाट सावली सोसत नाही. तेव्हा हिरवळीच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर कडुनिंबासारखे झाड असावे, म्हणजे सकाळचे ऊन मिळून दुपारनंतरची तलखी टळते.

उन्हाळ्यापूर्वीची तयारी

हिरवळीचा उन्हाळा फेब्रुवारीतच सुरू होतो असे समजून पुढील कामे करावीत.

१. क्षेत्र कमी करणे : शंभर चौरस मीटरऐवजी पंचवीस चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट हिरवळ बसण्या-उठण्यास पुरेशी असते. उरलेल्या जागेत मुरूम, फरशी किंवा कमी पाण्याची झुडपे असावीत.

२. नत्रखत थांबविणे : फेब्रुवारीनंतर युरियासारखे खत देऊ नये. त्याने कोवळी पालवी फुटते व पाण्याची मागणी वाढते.

३. गवताची उंची वाढविणे : एरवी तीन-चार सेंटिमीटरवर कापले जाणारे गवत पाच-सहा सेंटिमीटर राखावे. उंच पात्यांची सावली मातीवर पडते. एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापू नये. गवत सुप्त झाल्यावर कापणी पूर्ण बंद करावी.

४. छिद्रे पाडणे व खताचा पातळ थर देणे : दाबून घट्ट झालेल्या जमिनीत काट्याने किंवा सळईने छिद्रे पाडून चाळलेल्या शेणखताचा वा गांडूळखताचा पातळ थर पसरावा.

५. भेगा बुजविणे : काळी माती वाळताना आकसते व तिला भेगा पडतात. त्यांत मुळे तुटतात, आणि दिलेले पाणी मुळांस न मिळता भेगांतून खोल निघून जाते. म्हणून पाणी देण्यापूर्वी बारीक माती व शेणखत यांच्या मिश्रणाने भेगा भरून घ्याव्यात.

उन्हाळ्यातील पाणी

रोज थोडे पाणी शिंपडणे ही सर्वांत प्रचलित व सर्वांत चुकीची पद्धत आहे. त्याने केवळ वरचा थर ओलावतो, मुळे वरच राहतात, बरेचसे पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार पृष्ठभागी साचतात.

सुप्तावस्थेतील हरळीस जिवंत राहण्यापुरते पाणी फार थोडे लागते. साधारणपणे दर पंधरवड्यास १२ मिलिमीटर पाणी दिल्यास पेरे व भूमिगत खोड तग धरतात. मार्चच्या प्रारंभापासून जूनच्या मध्यापर्यंत अशा सुमारे सात पाळ्या होतात. २५ चौरस मीटर जागेस एका पाळीचे ३०० लिटर, म्हणजे संपूर्ण उन्हाळ्याचे २,१०० लिटर पाणी पुरते. ५८,८८० लिटरशी तुलना केली असता हे प्रमाण अठ्ठाविसाव्या हिश्श्याइतके आहे. पाणी कूपनलिकेचेच असले, तरी प्रति चौरस मीटर पडणाऱ्या क्षारांचे प्रमाण सुमारे ७५० ग्रॅमवरून १०८ ग्रॅमपर्यंत उतरते.

पाणी पहाटे अथवा सूर्योदयाच्या सुमारास द्यावे. काळी माती पाणी सावकाश शोषते, म्हणून एका पाळीचे पाणी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत द्यावे. ते वाहून रस्त्यावर जाता कामा नये. किती पाणी पडले हे पाहण्यासाठी सरळ कडांचे दोन-तीन रिकामे डबे हिरवळीत ठेवून त्यांतील पाण्याची उंची पट्टीने मोजावी. ओल किती खोल गेली हे टोकदार सळई खुपसून समजते. सुप्त हिरवळीवर वर्दळ टाळावी. बाज, खुर्च्या वा वाहने तिच्यावर ठेवू नयेत, कारण तुडवलेली पेरे पुन्हा फुटत नाहीत.

सांडपाण्याचा विवेक

नळाचे पाणी वाचविण्यासाठी सांडपाणी वापरावे ही सूचना योग्य असली तरी सरसकट अमलात आणण्याजोगी नाही. घरातील प्रत्येक सांडपाणी सारखे नसते.

स्नानाचे पाणी तुलनेने सौम्य असते. पाच जणांनी प्रत्येकी पंधरा लिटरची एक बादली वापरली तरी दररोज ७५ लिटर पाणी मिळते. ते साठवून ठेवल्यास दुर्गंधी येते व डास होतात. म्हणून २५ चौरस मीटर हिरवळीचे चार समान पट्टे पाडून रोज एका पट्ट्यास ते द्यावे. प्रत्येक पट्टा सव्वासहा चौरस मीटरचा असल्याने ७५ लिटर पाण्याने त्यास बरोबर १२ मिलिमीटर पाळी मिळते आणि चार दिवसांत संपूर्ण हिरवळ भिजते. पंधरवड्यातील उरलेले दिवस हे पाणी झाडांकडे वळवावे. साबणातही सोडियम असतो, म्हणून अधूनमधून एखादी पाळी गोड्या पाण्याची द्यावी.

कपडे धुण्याच्या पाण्यात धुलाई सोड्यामुळे सोडियमचे प्रमाण बरेच असते. ते हिरवळीस देऊ नये. खारपाणपट्ट्यात घरोघरी असलेल्या जलशुद्धीकरण यंत्रांतून बाहेर टाकले जाणारे पाणी तर मूळ पाण्याहूनही खारट असते, कारण गाळून काढलेले सर्व क्षार त्यातच एकवटतात. बचतीच्या सद्हेतूने ते बागेस देण्याची प्रथा हिरवळीस मारक आहे. फरशी धुण्यासाठी किंवा शौचालयासाठी ते वापरणे योग्य. कूलरच्या टाकीतील उरलेल्या पाण्याचेही तेच. कूलरच्या जाळ्यांवर व वाळ्याच्या ताट्यांवर साचणारा पांढरा थर पाहिला की त्या पाण्यात काय उरते याची कल्पना येते.

मृगानंतर

मे अखेर हिरवळ जिवंत आहे की नाही हे जाणण्याची सोपी चाचणी अशी : हिरवळीच्या चार कोपऱ्यांतून मातीसह मूठभर ठोंब काढून कुंडीत लावावेत व त्यांना आठ-दहा दिवस चांगले पाणी द्यावे. पेरांतून हिरवे कोंब आल्यास हिरवळ जिवंत आहे. ज्या कोपऱ्यातील ठोंब फुटले नाहीत, तेवढीच जागा जुलैमध्ये नव्याने लावावी. भर उन्हाळ्यात नवी हिरवळ लावण्याचा मोह टाळावा.

मृगाच्या सरी सुरू झाल्यावर पहिले काम म्हणजे साचलेले क्षार धुऊन जाऊ देणे. त्यासाठी छतावरील पावसाचे पाणी पन्हाळीने हिरवळीवर सोडावे; क्षारविरहित पाण्याचा हा सर्वांत स्वस्त स्रोत आहे. पाणी तुंबू नये म्हणून उताराच्या बाजूस चर असावा. गवताने पुन्हा हिरवा रंग धरल्यानंतरच हलके खत द्यावे व कापणी सुरू करावी.

समारोप

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी नेण्यात आले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. दुष्काळात मैदानांच्या हिरवळीस पाणी का द्यावे, हा त्या खटल्यातील प्रश्न होता. घरगुती हिरवळीचे प्रमाण लहान असले, तरी प्रश्न तोच आहे, आणि शेजारच्या घरी हंडे रांगेत उभे असताना तो अधिक टोचणारा आहे.

नांदुऱ्यासारख्या गावात त्याचे उत्तर हिरवळ नाकारणे हे नाही. गवत या मातीतीलच निवडावे, क्षेत्र घरातील सांडपाण्याच्या मापाने ठरवावे, पाण्याची व मातीची तपासणी करावी आणि चैत्र-वैशाखात गवतास झोपू द्यावे, एवढे केल्यास हिरवळ टिकते व पाण्यावर कोणाचा हक्क मारला जात नाही. महाविद्यालयांनी आपल्या प्रांगणातील हिरवळीबाबत हेच धोरण स्वीकारल्यास वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगोल या विषयांच्या विद्यार्थ्यांना पाण्याची वाहकता मोजण्यापासून सुप्तावस्थेच्या निरीक्षणापर्यंत प्रात्यक्षिकांचे एक सहज साधन उपलब्ध होईल. मे महिन्यात तपकिरी पडलेले ते प्रांगण निष्काळजीपणाचे द्योतक नव्हे, हे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजेल अशा शब्दांत तेथे एका फलकावर लिहून ठेवणे उचित ठरेल.